आत लोक आहेत

फॉर्मला चार रकाने होते:
जात, घेर, कारण, उत्पन्न.
मी लिहिलं: ऐन, एकशे चाळीस सेंटिमीटर, मृत.
फागोजी उईके माझ्या खांद्यावरून वाचत होता,
करवतीचे दाते तपासावेत तसा, एकेक.
खर्रा गालात सरकवून म्हणाला,
"मृत हाय हे कोनी सांगतलं?"

गोरेवाड्याच्या कुंपणाला लागून ही पायवाट.
मागच्या आठवड्यात, वारा नसताना,
एक फांदी बाकावर पडली.
बाक रिकामा होता.
त्या रिकाम्या बाकाबद्दल ऑफिसात तीन अर्ज आले,
म्हणून मी इथे.

कुऱ्हाडीच्या पाठीनं तो खोड वाजवत जातो.
पायाशी बद्द, कमरेशी बद्द,
डोक्याच्या उंचीवर एकदम मडकं.
"ओलं झाड पडताना करकरते, येळ देते.
वाळलेलं तं न सांगता येते, पावण्यावानी."

ऐन पाडायचाच होता.
मुळाशी बुरशीचे पांढरे कान फुटलेले,
आणि सगळा भार वाटेकडे.
झाडाला हात लावायच्या आधी
त्यानं आपली पळायची वाट झाडून घेतली, मागे, तिरपी.
दोन पोट्टे दोन टोकांना उभे केले, शिट्ट्या देऊन.
वर लोंबणाऱ्या फांद्यांकडे बराच वेळ पाहिलं.
मग पुढून खाच, मग मागून करवत,
मध्ये चार बोटं लाकूड राखलेलं, बिजागरीसारखं,
आणि ऐन, दार लोटावं तसा,
सांगितलेल्या जागी आडवा झाला.

धूळ बसली. भुंगेऱ्यांच्या अळ्या उघड्यावर आल्या,
पांढऱ्या, गोंधळलेल्या.
डेपोची गाडी मी परत पाठवली.
खोड उताराला आडवं राहू दिलं, फांद्यांचा ढीग बाजूला,
मुंगसाला, सापसुरळीला, ज्याला लागेल त्याला.
उत्पन्न: निरंक.
साहेब विचारतील. विचारू देत.

दुसरा बेहडा. तो सरळ उभा.
करवतीची दोरी ओढणार तोच फागोजीनं हात वर केला.
"सांजंलोक थांबा."

थांबलो. मार्च संपत आलेला, बाटलीतलं पाणी चहासारखं.
कोराडीच्या चिमण्यांचा धूर गुलाबी झाला
तेव्हा ढोलीच्या तोंडाशी दोन पिवळे डोळे आले,
त्यांच्या खाली आणखी दोन, लहान, चिडलेले.
सुटलेल्या सालीमागून वटवाघळं गळू लागली,
एक, चार, अकरा.
पुढे मी मोजणं सोडलं.

"पाहा मॅडम. यानं सोताची खोली खाली केली
अन् भाड्यानं देल्ली."
"भाडं कोण घेतं?"
तो हसला, थुंकला, उत्तर दिलं नाही.

ठरलं ते असं:
वरचा जड शेंडा तेवढा उतरवायचा, पोळ्यानंतर,
पिंगळ्याची पिल्लं उडून गेल्यावर, ढोल्या पुन्हा पाहून.
बुंधा राहील, दोन माणसं उंच.
आणि तोवर झाड नाही, वाटच सरकेल.
आम्ही पावलं मोजली, बेहड्याच्या उंचीला पुरतील एवढी,
चुन्याची फक्की टाकली, बाकही उचलून नेला.

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: आत लोक आहेत.
मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

सकाळी तामगाडगे काका आले, निवृत्त अभियंता,
एकोणीस वर्षं इथं सरळ चालणारे.
वळणावर माझ्यावर रागावले,
चुन्याच्या रेषेला नियमाचा आधार विचारला.
तरी वळले.
आता रोज त्या वळणावर जरा थांबतात,
टोपी मागे सारून बेहड्याकडे बघतात.
त्यांना काहीच दिसत नाही.
त्यांना मात्र कुणीतरी
मान दोनदा खालीवर करून
नीट पाहून घेतं.