एकाच पंखाची तीन

टेबलावर दोन पुड्या.
एकीत प्लास्टिकचे पर, केशरी, गुळगुळीत,
कोल्हापूरहून कुरियरने आलेले.
भिजत नाहीत, झडत नाहीत, वास नाही त्यांना.
दुसरी वर्तमानपत्राची:
जामसंड्याच्या फर्नांडिसांकडचा हंस,
कुत्र्यापेक्षा जास्त भुंकणारा,
पिसं टाकायच्या दिवसांत अंगणभर जे टाकतो, ते.

"मामा, खंयची लावूया?"
शुक्रवारी ओरोसला स्पर्धा. आज सोमवार.
गोंद सुकायला एक दिवस, आमच्या तारामुंबरीच्या हवेत दोन.

मी जाळी विणणारा माणूस.
चाळीस वर्षं गाठ कुठे बसते एवढंच बघितलं.
बाणातलं मला काय कळणार.
पण बोटांना विचारलं की ती काहीबाही सांगतात.

आधी प्लास्टिक लावून पाहिलं.
वर कातळावर, पवनचक्क्यांच्या खाली,
आंब्याच्या पेट्यांतला पेंढा पोत्यात दाबून.
प्रांजलचं धनुष्य बांबूचं. बाण टेकवायला त्यावर काही नाही,
तिची मूठच.
पर मुठीवर आपटला, बाणाने हिसका खाल्ला,
करवंदीत शिरला. तो शोधताना
तिने बोटावरचं रक्त चोखलं, मला दाखवलं नाही.

पीस तसं करत नाही.
मुठीशी आलं की मान लववतं,
पुढे गेलं की ताठ.
पण दुपारी खारा वारा सुटला
की तेच पीस ओल्या कुत्र्यासारखं.
"हंस खंय भिजता?" ती म्हणाली.
हंस रोज स्वतःच्या चोचीने तेल लावतो, बाय.
आपल्याकडे मेणबत्ती आहे.

सकाळच्या मतलईत नेम धर, बाकी मेणावर सोड,
असं म्हणून मी पिसं निवडायला बसलो.
ही डाव्या पंखाची, ही उजव्या.
हातात धरली की कळतं, वाक कुठे वळतो ते.
एका बाणाला एकाच पंखाची तीन.
मिसळलीस तर एक म्हणतं असा फिर, दुसरं म्हणतं तसा,
आणि बाण मध्येच विसरतो कुठे निघालो होतो.

एका सुकाणवाला दोन हात, मी आणि जयराम,
अकरा महिने.
मग होडी विकली.
हे तिला सांगितलं नाही.

"पीस बाणाक उडयता मां?"
नाही. अडवतं.
"मगे लावायचा कित्याक?"
मी बिनपिसाची एक कांडी तिला सोडायला दिली.
दहा पावलांवर तिची शेपूट पुढे यायला बघू लागली,
आडवी झाली, पडली.
प्रांजल बराच वेळ तिकडे बघत होती.
मग म्हणाली, मागसून कोणी धरूक व्हया.

उजवी तेरा, डावी आठ.
उजव्यांचे चार बाण, डाव्यांचे दोन.
चौघांना लाल दोरा, दोघांना निळा,
जाळ्यातलाच नायलॉन, शेवटची गाठ आत दडवलेली.
प्रत्येकाच्या एका पिसावर होडीच्या रंगाचा ठिपका:
ते बाहेरच्या बाजूला, धनुष्याकडे पाठ करून.

उरली तीन.
दोन डावी, एक उजवं.
पुडीत परत ठेवली, पुन्हा काढली.
रात्री ती झोपल्यावर एका कांडीला बांधली,
उगीच. हात रिकामे होते.

सकाळी तिने सात मोजले, काही बोलली नाही.
सातवा खाडीच्या तोंडाकडे सोडला.
थोडा सरळ गेला,
मग अंगात आल्यासारखा थरथरला
आणि पाण्यात चपटा पडला.
बांबू तो, बुडला नाही.
ओहोटी लागली होती. शेपटीकडून निघाला,
पिसं वर, भिजलेली तिन्ही.

"जांवदे," प्रांजल म्हणाली,
आणि बाकीचे सहा उचलून कातळाकडे चढू लागली.
मी येतो म्हटलं.
काठावर उभा राहिलो,
वळतो का बघत.