ऱ्हस्व, दीर्घ

कादराबादेत माझा छापखाना.
दहावी चौऱ्याऐंशीच्या वर्गात काहीही झालं, बरं किंवा वाईट,
की ते आधी माझ्या टेबलावर येतं
खाडाखोडीसकट.

पारस बोथराच्या तिन्ही मुलींची लग्नं मी छापली.
नफीसाच्या लेकाचा वलीमा, हिरव्या शाईत.
इलिशिबाला नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी कबुतर हवं होतं,
माझ्याकडं ब्लॉक फक्त मोराचा.
पिसारा कापून दिला. फादरनासुद्धा कळलं नाही.
घुगे वडिलांच्या दशक्रियेचं प्रूफ वाचायला आला
आणि बापाच्या नावावर बोट ठेवून
बसून राहिला, शाई वाळेपर्यंत.

प्रत्येकानं एक प्रत सिस्टर बेनिग्नांना पाठवायचीच.
आधी शाळेत, नंतर पुण्याला, म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी.
आठ दिवसांत ती परत यायची
लाल पेन्सिलीनं तपासून.
आशीर्वादातला चुकीच्या जागी बसलेला रफार,
कुटुंबीयांची वेलांटी,
आणि खाली: वधूवरांना शुभेच्छा. दहापैकी सात.

सिस्टर मंगळूरकडच्या.
मराठी त्यांना आयती मिळाली नव्हती,
म्हणून आम्हाला ती उधळू देत नसत.

एकदा फळ्यावर लिहिलं, स्मृती.
एकटा आहे तोवर शेवट दीर्घ.
पुढं शब्द जोडला, स्मृतिदिन, स्मृतिचिन्ह,
की ऱ्हस्व.
मागच्या बाकावरून शांतवन खरात म्हणाला,
"कामून, सिस्टर?"
त्या थांबल्या. खडू हवेत.
"वजन वाटलं जातं," म्हणाल्या.
व्याकरणात असं कुठंच नाही. मी नंतर शोधलं.

शांतवनचा अमोस, बावीस वर्षांचा,
रोलिंग मिलची रात्रपाळी करून येताना
अंबड रोडला गेला.
वर्गातलं तेवढं एक कार्ड माझ्याकडं आलं नाही.
मीच मजकूर जुळवला, प्रभूमध्ये निद्रिस्त वगैरे,
घेऊन गेलो.
आत टीव्ही चालू होता. दार उघडलं नाही.
सहा वर्षं झाली. शांतवन मिस्साला शेवटच्या बाकावर बसतो,
शेवटच्या गीताआधी उठून जातो.
कुणाच्या लग्नात नाही, कुणाच्या मातीत नाही.
त्याच्या पत्त्यावर मी तरी कार्डं टाकत राहिलो,
सगळ्यांची.

मागच्या फेब्रुवारीत सिस्टर गेल्या.
वर्षानं शाळेच्या चॅपलात मिस्सा ठरली.
कार्ड माझ्याकडं, हे सांगावं लागलं नाही.
प्रूफ चारदा वाचलं. इलिशिबानं चष्मा बदलून वाचलं.
शेवटचा हात फिरवायच्या दिवशी
दहा दिवसांनी नळ आला,
बायको वरून हाका मारत होती, हंडे, पाइप, धावाधाव.
दोनशे प्रती गेल्या.

रात्री फोन. नंबर अनोळखी.
"स्मृतीदिन छापलंस. दुसरी वेलांटी.
पहिली पाहिजे, गाढवा. जोडशब्द आहे."

आवाज ओळखायला वेळ लागला.
मग मी म्हणालो, मुद्दाम केलं रे,
बघत होतो कोण पकडतंय.
खोटं होतं, आणि ते त्यालाही कळलं.
तरी त्यानं फोन ठेवला नाही.
त्याच्याकडं कुठंतरी
टाकीत पाणी पडत होतं, बारीक.

"ते तू आणलं होतंस," तो म्हणाला,
"ते आहे का अजून?"

ड्रॉवर उघडायचीही गरज नव्हती.
"आहे."

"तारीख बदलावी लागंल."

"बदलू."

बराच वेळ नुसतं पाणी.

"आणि वेलांटी बघ," म्हणाला.