शनवारी घाणा बंद

शुक्रवारी दुपारी रायबंदरहून फेरीबोट घेतली.
तेवीस माणसं, दोन पातेली,
चादरीत गुंडाळलेला सेफेर तोरा,
आणि शेगुलामावशी, जिला बोट सोसत नाही
पण दिवाडीला जायला दुसरी वाटच नाही.

दिवस बुडायच्या अठरा मिनिटं आधी मेणबत्त्या लागल्या.
काळ्या मनुका भिजवून काढलेलं सरबत
मावशीनं ठाण्याहून औषधाच्या बाटलीत आणलेलं.
समोरच्या तीरावर जुन्या गोव्याचे घुमट काळे होत गेले.
तिथे एके काळी
शनवारी धुतला सदरा घातला, चूल थंड ठेवली,
एवढ्यावरून माणसं धरून नेत.
यावर कुणी भाषण केलं नाही.
खिडक्या उघड्या ठेवून मोठ्यानं गायलो, एवढंच.

रात्री मी न्हाणीतून बाहेर आले
आणि हातानं दिवा बंद केला.
माझ्याच हातानं, मला न विचारता.
वीस वर्षं विजेचं बिल भरणारा हात तो.
आता उद्या तीन तारे दिसेतो लावायचा नाही.
मी गप्प राहिले.
मजल्यावर न्हाणी एकच.
रात्रभर एकेकजण ठेचकाळून
नको त्या जागी देवाचं नाव घेत होता.

सकाळी आंब्याखाली वर्ग.
गुरुजी यरुशलेमचे, अविनोआम, वय एकतीस.
ते इंग्रजीत सांगत, याएल चेऊलकर मराठीत.
शब्बाथला न करायची कामं एकोणचाळीस:
नांगरणं, पेरणं, कापणं, मळणी,
आणि मळणीच्या पोटात पिळणं.
द्राक्षं पिळायची नाहीत. ऑलिव्ह पिळायचे नाहीत.
"तीळ?" मावशीनं विचारलं.
तीळही नाही.
"मग बरोबर आहे," ती म्हणाली,
जणू पेपर तीच तपासत होती.

"आमच्या आज्याचा घाणा होता.
गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं.
घरात पुस्तक नव्हतं. हे एकोणचाळीस कुणाला ठाऊक!
बैलाला ठाऊक होतं.
पवळ्या त्याचं नाव. अडचणीत विकला, नागावच्या तेल्याला.
पहिल्या शनवारी पवळ्या उठेना.
चाबूक झाला, शेपटी पिरगळून झाली.
रविवारी आपणहून उठला.
तीन आठवडे हेच.
मग तो तेली बैल घेऊन दारात.
म्हणाला, तुमचा देव शिरलाय यात, माझे पैसे द्या."

याएल अडली होती, शेपटी पिरगळण्यापाशी.
गुरुजी हळूच म्हणाले, अशी एक गाय
आपल्या जुन्या ग्रंथांतही आहे.
"असेल," मावशी म्हणाली. "हा बैल होता."
आणि पैसे? दिले?
"अर्धे. अर्धे अजून देणं लागतो."

दुपारी घराची राखणदारीण एस्पेरांसा
जिन्यात केर काढत होती.
सांगायचं नाही, मागायचं नाही, एवढं मी शिकले होते.
मी न्हाणीच्या दारात उभी राहून
कुणालाच न बोलल्यासारखं बोलले,
"आत अंधार फार आहे."
तिनं केरसुणी भिंतीला टेकवली.
"कळ्ळें म्हाका."
दिवा लावला, स्वतःचे हात धुतले
सावकाश, साबण लावून,
आणि तो तसाच जळता ठेवून निघाली.
"फाल्यां आयतार," ती म्हणाली. "फाल्यां तूं लाय."

संध्याकाळी खाजनाच्या बांधावर बसलो.
एक तारा, दुसरा. तिसरा ढगात.
कुणाच्या तरी वाफ्यातला सब्जा हातोहात फिरला,
चुरगळायचा नाही अजून, नुसता हुंगायचा.
मावशीला डुलकी लागली.
मग कुणीतरी बोट दाखवलं: तिसरा.
वेणीची मेणबत्ती पेटली, सरबतात चुर्र करून विझली.
शनवार संपला. काहीही करायला मोकळे.
धक्क्याकडून फेरीबोटीचा आवाज आला,
कुणाचा तरी फोन चार्जरला लावायचा राहिला होता,
पातेली घासायची होती.

आम्ही कुणी उठेना.