पुठ्ठ्याची भाकरी

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, दवाखान्यामागच्या खोलीत
शुक्रवारी आमचा वर्ग भरतो.
एसी खोकतो. फळ्यावर मागच्या आठवड्याचं
‘आधी समोरच्याचं ऐका’ अजून पुसलेलं नाही,
आणि मीच सगळ्यांत जास्त बोलते.

माझ्या पेटीत प्लास्टिकचं जेवण आहे:
पाव, दोन अंडी, वाटाणे, चकचकीत कोंबडीची तंगडी,
एक सफरचंद, त्यावर कुणाच्या तरी पोराचे दात.
वाटीचं माप शिकवते, मुठीचं माप शिकवते,
तेवीस प्रश्नांचा तक्ता घोकून घेते.

सहा जण शिकतात.
श्रीवर्धनची नफिसा मुकादम, नवरा बंदरावर क्रेन चालवतो.
महनाझ बलुशी, इथलीच; खजुराला ती औषध म्हणते, मी साखर,
भांडण अजून मिटलेलं नाही.
तेजबहादूर रात्री पहारा देतो, वर्गात डुलक्या घेतो,
विचारलं की मात्र बरोबर सांगतो.

आज सरावाला खराखुरा माणूस आला.
लिंगय्या, निजामाबादकडचा, सळया बांधणारा.
उपाशीपोटी साखर दोनशे अठरा.
गोळी डॉक्टरांनी दिलीय, पथ्य आम्ही द्यायचं.

नफिसा एक ते नऊ प्रश्न नीट विचारते.
भात किती घेता?
तो म्हणतो, पातेल्याला विचारा.
तिने तक्ता उपडा ठेवला. मी मनात दोन गुण कापले.
“खोलीत किती जण? रांधतं कोण?”

हे तेविसात नव्हतं.

नऊ जण. एक पातेलं. शेगडी साऱ्या मजल्याची, तिला रांग.
रांधायची पाळी; याची मंगळवारी.
बाकी दिवस पडेल ते.
तांदूळ, पातळ डाळ, शंभर बैसांचे खुबूस,
पहाटे साडेतीनला भरलेला डबा
दुपारी उघडावा तर डाळीला फेस.
आणि चहा. तीन चमचे.

चहा सोडा, असं माझ्या ओठांवर आलंच होतं.
“कुणासोबत पिता?” तिने विचारलं.
तेव्हा तो पहिल्यांदा हसला.
गावचे तिघे. पैसे एकेकाने द्यायचे.
चहा सोडला तर तिथून उठावंच लागेल ना.

तिने चहा राहू दिला.
चमचे उचलले, सावकाश; एक आज,
दुसरा पुढच्या महिन्यात, “मला येऊन सांगायचं.”
मग मंगळवार धरला.
मंगळवारी पातेल्यात चवळी, अख्खा मसूर, असेल ती पालेभाजी,
भात शेवटी, मूठभर.
“आठ जण ओरडतील.”
“त्या आठांतल्या किती जणांची साखर तपासलीय?”
तो बोटं मोजायला लागला आणि मधेच थांबला.

माझ्या कागदावर मथळा होता, ‘व्यक्तिगत सल्ला’,
खाली दोन ओळींची जागा.
नऊ माणसं तिथं मावेनात.
कापलेले गुण मी खोडरबरने पुसले, कागद जरा फाटला.

जाताना तो पेटीपाशी रेंगाळला.
पाव उचलला, ठेवला. अंडी बघितली.
“जोन्न रोट्टे नाही?”
ज्वारीची भाकरी. नाही.
पेटी कुठल्या लांबच्या देशात बनलेली,
तिच्या कारखान्यात ज्वारी कुणी पाहिलेली नसणार.

नफिसाने पाण्याच्या बाटल्यांचं खोकं फाडलं,
गोल कापला, स्केचपेनने करपल्याचे डाग दिले.
तिच्याकडे भाकरी तांदळाची,
तरी डाग जिथल्या तिथे पडले.
लिंगय्याने ती तळहातावर घेतली,
घडी घालू बघितली; पुठ्ठा, कसली घडी.
मग दुसऱ्या हाताने हवेत, बऱ्याच लांब,
तिची कड दाखवली.
“एवढी नव्हती, मॅडम. आई मोठी थापायची.”

नफिसा दुसरं खोकं शोधायला लागली.