खांबाच्या बाहेरून

रविवारी आम्ही एका गुणाने हरलो.
आमचे एक गोल नऊ गुण, त्यांचे दोन गोल सात.
गोलचे तीन धरायचे, म्हणजे बारा आणि तेरा.
टँकर चालवता चालवता मी चार वेळा हिशेब केला,
तेवढाच येतो.

सोमवारी पहाटे साडेचार. डावा वायपर करकरतोय.
रेडिओवर आधी निधनवार्ता, मग वासरांचे भाव,
मग हर्लिंगचे निकाल. आमचा सगळ्यात शेवटी,
आणि निवेदिकेने गावाचं नावच चुकीचं घेतलं.
ज्युनिअर ब गटाला कोण विचारतो?
मैदानावर माणसं होती एकसष्ट, मी मोजली,
एक कुत्रं, आणि गाडीतच बसलेले फादर क्विल्टी,
काचा वाफेने आंधळ्या,
हॉर्नवरून कळायचं ते कुणाच्या बाजूचे.

आमचा खरा फॉरवर्ड पर्थला असतो, खाणीत.
माझाच मुलगा आहे म्हणून म्हणत नाही.
बरं, म्हणूनच म्हणतो.
त्याच्या जागी आता डेक्लनचा पोरगा,
सोळाचा, हेल्मेट डोक्यापेक्षा मोठं,
चेंडू आला की आधी आईकडे बघतो.

आमच्या गावचे चार गोठे संपले की पूल,
पुलापलीकडे ते.
विजेच्या प्रत्येक खांबावर अजून त्यांचे झेंडे, भिजून चिकटलेले.
दोन्ही गावांचं दूध माझ्या एकाच टाकीत पडतं.
यावर कुणी काही बोधपर बोलू नये.
दूध मिसळतं. ते दूध आहे.

सातवा गोठा मलाकी टूहीचा.
काल रेफरीचे पंच आलेच नाहीत,
म्हणून गोलमागे दोन्ही गावांतून एकेक उभा केला.
आमच्याकडून इग्नेशियस,
ज्याच्या मोतीबिंदूची तारीख पुढच्या महिन्यात आहे,
आणि त्यांच्याकडून हा,
खाटकासारखा पांढरा कोट घालून, हातात निशाण.
तो कोट आता दोरीवर वाळत होता,
म्हणजे पावसात भिजत होता.

मी पाइप जोडला. पंप सुरू झाला.
मलाकी म्हणाला, "बाहेर होता."
"काय?" मी विचारलं. ऐकू आलं होतं मला.
"शेवटचा. खांबाच्या बाहेरून गेला. वीतभर."
पंप घुमत राहिला.
"मग निशाण का हलवलंस?"
"नातवाने मारला होता रे," तो म्हणाला,
"हात वर गेला. डोळ्यांनी नंतर सांगितलं."

शिव्या माझ्याकडे होत्या.
आजोबांपासून जपून ठेवलेल्या,
त्यांच्या गावासाठी खास, नातेवाइकांसकट.
पण तो दोन कप घेऊन आला होता.
फेब्रुवारीत मेव्ह गेली.
थडग्यापर्यंत दोन्ही बाजूंनी आमचीच पोरं उभी होती,
आमच्याच जर्सीत, हर्ली खाली टेकवून.
बत्तीस वर्षं ती न विचारता साखर घालायची,
आता हा दर खेपेला विचारतो, "किती?"
आणि दर खेपेला मी सांगतो, "दोन,"
आणि दर खेपेला तो तीन घालतो.

चहा प्यायलो. पावती फाडली.
आठशे चाळीस लिटर, तापमान चार.
मी एक लिटरही इकडचा तिकडे केला नाही,
मनात आलं नव्हतं असं नाही.

रात्री पर्थला फोन लावला. तिकडे पहाट.
"एका गुणाने?" पोरगा म्हणाला. "कसा गेला शेवटचा?
स्वच्छ होता?"
मागे किटली शिट्टी मारत होती, त्याची, तिथली.

"मधून," मी म्हटलं.
"दोन खांबांच्या अगदी मधून."

मग त्याला डबा भरायचा होता.