चालवल्याचे तास

फॉर्मात एक रकाना: बोट चालवल्याचे तास.
पेन तिथंच थांबलं.
चिखलीत पाणी शिरलं तेव्हा
घड्याळ कोण बघत होतं?
ट्रान्सफॉर्मरच्या डाव्या अंगानं, कमानीखालून वाकून,
पंख्यात अडकलेला ऊस हातानं सोडवत गेलो.
एक म्हातारी कौलावरनं म्हणाली,
आधी म्हस न्हे.

आता राधानगरीच्या फुगवट्यात
नारंगी जाकीट घातलेला रॉकेलचा डबा
माणूस म्हणून टाकतात.
परीक्षक गोव्याचे, आवाज मऊ:
वाऱ्याच्या तोंडाला ये, जवळ आलास की न्यूट्रल.
पंखा फिरता ठेवून कुणाला उचलायचं नसतं.
हे मला तेव्हा
कुणी सांगितलं नव्हतं.

गुडघ्याला लाल दोरी. मी पडलो तर इंजिन बंद.
आई फोटो बघून म्हणाली,
गंडा कुणाकडनं बांधून घेतलास?

पास झालो तर कुठल्याशा शेठच्या पांढऱ्या यॉटवरनं
पाहुण्यांना किनाऱ्यावर सोडायचं,
रंगाला ओरखडा न येता.
सोपं आहे. कुणी रडत नसणार.

रकान्यात मी साठ लिहिलं.
डबा तिसऱ्या खेपेला हाती लागला,
हलका, आतून कोरडा.
तरी दोन्ही हातांनी धरून
वर घेतला.