शेपूट बघायचं

तुझ्या वहीतली शेवटची ओळ:
शेपूट बघायचं
पुढे तारीख नाही, पूर्णविरामही नाही.

रविवारी सकाळी सहाला, सिंधरोटच्या रस्त्यावर,
महीच्या अलीकडे, एरंडाच्या शेताला लागून
तुम्ही सगळे उडवायचात तिथेच
मी हेलिकॉप्टर डिकीतून काढलं.
जिगर म्हणाला, "बेन, जायरो ज बदली नाखो ने."

तू तीनदा बदललास.
बिलं बिस्किटांच्या डब्यात सापडली.
तिसरं दिवाळीच्या आठवड्यातलं.
वहिनीला तू सांगितलं होतंस, पंख्याचं कॉइल.

गुडघ्याइतकं उडवलं, मग कमरेइतकं.
नाक समोर, शांत.
थ्रॉटल जरा वर ढकलला
आणि नाक डावीकडे निघालं, मग सगळं यंत्रच
स्वतःभोवती भिंगरीसारखं.
रडर उजवीकडे पार टोकाला नेला, तरी ऐकेना.
होल्डचं बटण. धप्प.
एरंडाची दोन झाडं गेली, पाती वाचली.

मी बँकेत आहे, तुला माहीत आहे, दांडिया बाजार शाखेत.
हिशेब लागला नाही की आम्ही
आधी मोठ्या रकमांच्या मागे लागत नाही.
फरकाला नऊने भाग जातो का बघतो.
गेला, तर कुणीतरी दोन आकडे
इकडचे तिकडे लिहिलेत. एवढंच असतं.

म्हणून संध्याकाळी, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून:
नाक हाताने उजवीकडे वळवलं,
शेपटीची पाती लगेच उलट कलली.
जायरोला दिशा कळते.
हवेत थरथरत नव्हती, म्हणजे गेनही जास्त नाही
(जास्त असला की शेपूट हलते,
घरचं माणूस दिसल्यावर कुत्र्याची हलते तशी).
सर्व्होचा दांडा चिमटीत धरून हलवला. खुळखुळ नाही.
स्लायडर लोण्यासारखा.
पट्टा दाबला, हवा तेवढाच दबला.
हाताने सगळं ठीक होतं.
पण हाताचा भार तो काय.

मग वरची मोठी पाती वहिनीला घट्ट धरायला लावली,
ती म्हणाली, बोटं जाणार नाहीत ना गं,
आणि शेपटीचं पातं मी जोर लावून, खरंच जोर लावून,
फिरवलं.
टक.
पट्टा जागचा हलला नाही. पातं सरकलं.

हब उतरवला. त्याच्या पोटात
तिळाएवढा स्क्रू, बिनडोक्याचा,
दांड्यावरच्या सपाट खाचेत बसायला हवा होता,
तो खाचेच्या शेजारी बसला होता.
तीन केसांइतका शेजारी.
आणि पोलादावर एक कडं कोरलेलं, चकचकीत,
प्रत्येक घसरणीला थोडं थोडं.

मकरपुऱ्यात तू पंप तपासायचास.
मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी
लोकांचा माल परत पाठवायचास.

वहिनीने दांडा उजेडात धरला.
बराच वेळ धरून होती.
मग म्हणाली, "पंख्याचं कॉइल म्हणे,"
आणि हसली,
आणि भाजी लागली म्हणून उठली.
गॅस तर मी मघाशीच बंद केला होता.

खाच स्पिरिटने पुसली. स्क्रू तिच्या बरोबर मध्यावर.
निळ्या लॉकचा एक थेंब.
रात्रभर वाळू दिला.
तू तासाभरात उडवलं असतंस.

पुढचा रविवार. कमरेइतकं, डोक्याइतकं,
बाभळीच्या शेंड्याइतकं.
थ्रॉटल वर.
नाक महीकडे, तिथेच.
पुन्हा वर. तिथेच.

जिगरने शिट्टी मारली.
"यशोधनभाई कहेता ज हता. जायरो ज हतो ने?"

मी हो म्हणाले.
बॅटरीत अजून दोन मिनिटं होती.